उसनें इंग्रजी

बी. कॉम. झाल्यावर, २००३ सालीं सुरू झालेल्या लिंक्डइन या संकेतस्थळावर मीं नांव नोंदविलें. कोठून तरी उतरविलेलीं वीस इंग्रजी पत्रें अनोळखी साहेबांस धाडलीं. एकाचेंहि उत्तर आलें नाहीं. वडिलांची सेवानिवृत्ति तर दोन महिन्यांवर आलेली! शेवटीं आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यास माझ्याच मोडक्या इंग्रजींत चार वाक्यें लिहिलीं. नोकरी न मागतां त्यांच्या कामाविषयीं विचारलें. त्यांनीं माझी एक चूक सुधारली, आणि पुढें एका रिक्त जागेची वार्ता कळविली. ती जागा मला मिळाली.

ओळखीनें मिळणाऱ्या नोकरीची वार्ता बहुधा क्वचित् भेटणाऱ्या परिचिताकडून येते, हें समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांनीं १९७३ सालींच दाखविलें होतें. निकटच्यांस ठाऊक तें आपणांसहि ठाऊक असतेंच. बालमित्रहो, मोडक्या इंग्रजीची लाज नको. उसन्या इंग्रजीची धरा.