पडण्याची मुभा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावी आम्हा पोरांची एक बेअरिंगची गाडी होती. फळीखाली तीन बेअरिंगा ठोकल्या की झाली गाडी! उतारावरून सुटायचे, आणि पडलो की सारी गल्ली हसायची. घरात मराठी, बाजारात तेलुगू. पण हसे होण्याची भीती दोन्ही भाषांत सारखीच. पुढे इथे बी. कॉम.ला आलो. मराठी माध्यमातून आलेल्या मला इंग्रजीत उत्तर देण्याची वेळ आली, तेव्हा तीच भीती पुन्हा भेटली. दीड वर्ष मी शेवटच्या बाकावर गप्प बसून काढले.

गेल्या दिवाळीत बंगळूरला मामांकडे गेलो. त्यांच्या उपनगरात एक स्केटपार्क आहे. मला वाटले, बाग असेल. पाहतो तर सिमेंटचा गुळगुळीत रस्ताच! चार-पाच पायऱ्या, त्यांना लोखंडी कठडा, बुटके कट्टे, दोन्ही टोकांना उतार. ज्या कट्ट्यावर नुसते टेकलो तरी आमच्याकडे दुकानदार हाकलतो, तसलाच कट्टा इथे खेळण्यासाठी मुद्दाम बांधलेला. वर फळी घसरावी म्हणून कडांना मेण चोळलेले. नियम थोडेच : हेल्मेट घालावे, आपली पाळी येईपर्यंत कडेला थांबावे, दुसऱ्याच्या वाटेत शिरू नये, जमीन ओली असेल तर खेळू नये.

दहाएक वर्षांची एक मुलगी पायऱ्यांवरून उडी घेऊ पाहत होती. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे आणि पुढचा पाय सरकवत उडायचे, की फळी पायांबरोबर वर येते. ती पडली. कोणी हसले नाही. कडेचा एक जण म्हणाला, "इन्नोम्मे!" कॉलेजात कानडी कानांवर पडते, म्हणून समजले : पुन्हा एकदा. मी मोजले, ती नऊ वेळा पडली. दहाव्या खेपेस फळीवर उभी राहिली, तेव्हा सर्वांनी आपापल्या फळ्या जमिनीवर आपटल्या. ही तिथली टाळी! मग मीही फळी मागून घेतली आणि पहिल्याच मिनिटाला आडवा झालो.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम आला तो टोकियोला, २०२१ साली. तिथे स्ट्रीट प्रकारात दोन फेऱ्या आणि पाच कसरती, असे सात प्रयत्न होते. त्यांतले उत्तम चार तेवढे धरले, तीन सोडून दिले. १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक जिंकले ते याच हिशेबाने. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा हिशेब नवा. आमच्या खतावणीत एकही तोटा सुटत नाही!

परवा सरांनी वर्गात घसारा म्हणजे काय ते इंग्रजीत विचारले. मी उठलो. दोनदा घसरलो, एक क्रियापद चुकले, मागे कोणीतरी हसलेही. मनात म्हटले, इन्नोम्मे. आणि उत्तर पुरे करूनच खाली बसलो.