आठ तुकड्यांचा गेम

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत मोठं कपाट कधी अख्खं वर चढलंच नाही. जिना अरुंद! फळ्या, दारं सुटी करा, खोलीत नेऊन पुन्हा जोडा. कॉम्प्युटरचंही सेम टू सेम असतं, बरं का.

दादाच्या प्लेस्टेशन २ ची लेन्स म्हातारी झालीय, डिस्क मात्र शाबूत. २००७ चा 'गॉड ऑफ वॉर २', आठ जीबीच्या घरातला. पेनड्राइव्ह फॅट३२ चा, म्हणजे हिशेब १९९६ चा. फाइलचा आकार लिहायला फक्त ३२ बिट, त्यामुळे एक फाइल जास्तीत जास्त ४ जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्ह अख्खा रिकामा असला तरी नो एन्ट्री! मग एकेक जीबीचे आठ तुकडे करायचे. त्यातला एक जरी हरवला, तरी खेळ खल्लास.

एवढी उठाठेव कशाला? लग्नानंतर दादा बदलापूरला गेला. फोनवर आमचं 'जेवलास का'च्या पुढे जात नाही. रविवारी येतो, कंट्रोलर हातात घेतो आणि मग हळूच ईएमआयचं, बाबांच्या गुडघ्यांचं निघतं. नवा कन्सोल हप्त्यांवर मिळेलही. पण त्यावर आम्ही दोघं एकत्र भांडलेलो नाही ना!