तळ्याकाठचे सूर

बर्लिनहून उत्तरेस जाणारी आगगाडी तासाभरात फ्यूर्स्टेनबर्ग या गावी आणून सोडते. गाव टुमदार, मधोमध तळे, काठाला दाट झाडी, चर्चचा उंच मनोरा. अशा जागी माणसाने सहलीला यावे आणि पाण्याशी बसून डबा सोडावा! पण तळ्याला वळसा घालून पलीकडे गेले, की एक उंच भिंत लागते. ही रावेन्सब्रुकची छळछावणी. १९३९ ते १९४५ या काळात नाझींनी इथे सुमारे १,२०,००० बायकामुले कोंडली. जाळलेल्या प्रेतांची राख याच तळ्यात टाकली. पाणी मात्र आजही तितकेच शांत आहे. त्या शांतपणाचा मनातून रागच येतो.

१९४४ च्या नाताळच्या आदल्या रात्री नेली मूसे-व्हॉस ही बेल्जियन गायिका इथल्या बराकीत सोबतिणींसाठी गात होती. अंधारातून कुणीतरी म्हणाले, 'मॅडम बटरफ्लाय'मधले काही म्हणा. गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या एका जपानी स्त्रीची ही संगीतिका. मागणी करणारी होती नादीन ह्वांग. वडील चिनी मुत्सद्दी, आई बेल्जियन. नेली गायली, आणि त्या नरकात दोघींचे प्रेम जडले.

पण हा सहवास थोड्याच आठवड्यांचा. १९४५ च्या आरंभी नेलीची रवानगी ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेन छावणीत झाली. एप्रिलअखेर स्वीडिश रेडक्रॉसने सोडवलेल्या बायकांबरोबर नादीन माल्मो बंदरात उतरली. दोघी वाचल्या होत्या. पण उद्ध्वस्त युरोपात कुणी कुणाला कुठे शोधायचे?

तरीही त्या भेटल्या. दूर व्हेनेझुएलात, काराकासला जाऊन त्यांनी एकत्र संसार केला. आप्तांच्या लेखी मात्र त्या केवळ मैत्रिणीच होत्या. नेलीची छावणीतली रोजनिशी आणि दोघींची छायाचित्रे पुढे नातीकडे आली. ती उघडून पाहण्याचा धीर तिला कितीतरी वर्षे झाला नाही. २०२२ साली त्यांच्यावरचा चित्रपट आला, तेव्हा कुठे जगाला ही हकीकत कळली.

त्याच वर्षी रावेन्सब्रुकच्या आवारात, कित्येक वर्षांच्या वादानंतर, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या बंदिवान स्त्रियांच्या स्मरणार्थ भाजक्या मातीचा एक गोळा कायमचा बसवला गेला. युद्धाने केलेली ताटातूट या दोघींनी आपल्या हयातीत संपवली. त्यांच्या नात्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला मात्र बाकीच्या जगाला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.