राधाच्या घरातले सातवे पुस्तक

मुलांना चित्रांचे पुस्तक दिले की ती तासभर गप्प बसतील आणि आपली कामे उरकतील, अशी समजूत असलेल्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेवते, तसे काही होत नाही. पुस्तक चांगले असेल तर मुळीच होत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नेमक्या वेळी पुस्तक स्वयंपाकघरात येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "आई, हिच्या आजोबांचे दात खरे आहेत का गं?"

आमच्या चिपळुणात एका लहानशा शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस दुपारी शिकवायला जाते. पहिली-दुसरीची बावीस मुले आणि मराठीचा तास. शाळेच्या कपाटात माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा सहा छोट्या पुस्तकांचा संच आहे. पुरंदरेबाई मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, फ्रेंच भाषेच्या जाणकार. त्यामुळे लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण हे सगळे तुमच्या-माझ्यासाठी. मुलांना लेखिकेशी काही देणेघेणे नसते. त्यांची ओळख थेट राधाशी.

या पुस्तकांत राजा नाही, राक्षस नाही. आई, बाबा, आजी, आजोबा, काका अशी घरातलीच माणसे. 'यात गोष्ट कुठाय?' असे एखाद्या मोठ्या माणसाला वाटेल. मुलांना वाटत नाही, कारण गोष्ट त्यांच्याजवळ तयारच असते. मी पान उलटायचा अवकाश, की कुणीतरी उठते.

"बाई, हिच्याकडे आत्या राहत नाही? आमच्याकडे राहते. तिला पाहायला माणसं येऊन गेली, पण त्यांनी फोनच केला नाही."

अशा वेळी घाईघाईने पुढचे पान काढावे लागते! एक मुलगा चित्र अगदी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "बाई, राधाच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठाय?" क्षणभर मला कळेना. मग लक्षात आले. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, तेव्हा हा जेमतेम तीन वर्षांचा. तेव्हापासून यांच्या घरातली रेघ कुणी पुसू दिलेली नाही. प्रत्येक घराला खिडकी असते, दार असते, तशी एक पाण्याची रेघही असते, असे तो धरूनच चालला होता.

त्याच वर्गात एक फारसा न बोलणारा मुलगा आहे. पुस्तके वाटायची पाळी त्याची आली, की 'बाबा' हे पुस्तक हमखास तळाशी जायचे. एकदा शेजारची मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाई, ह्याला बाबा नाहीत, म्हणून तो ते लपवतो."

"आहेत," तो म्हणाला. "पण आमच्या घरात नाहीत."

वर्ग गप्प झाला. मी त्याला विचारले, "मग तुझ्या घरात कोण कोण आहे?" त्याने बोटांवर मोजले. आई, पणजी, मामा आणि दोन कोंबड्या. मग जरा रागानेच म्हणाला, "मग मामाचं पुस्तक का नाही?"

आता याला काय उत्तर द्यायचे? मी म्हटले, "नाही ना? मग आपण करू या." कोरे कागद दुमडून मध्ये दोरा घातला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक छोटी वही दिली. राधाच्या घरात नाही, पण आपल्या घरात आहे, अशा कुणाचेही पुस्तक करायचे.

बावीस पुस्तके झाली. आत्या, मावशी, धुणीभांड्यांना येणाऱ्या काकू, गच्चीवरचा बोका. एका मुलीने 'आमचा भाडेकरू' असे पुस्तक केले आणि त्यात भाडेकरूची फक्त पाठ दाखवली, कारण तो सकाळी जातो आणि रात्री येतो!

त्या मुलाच्या पुस्तकात मामा होता. मामाची रिक्षा, मामाने केलेली भाकरी, पणजीला दवाखान्यात नेणारा मामा. शेवटच्या पानावर मामाशेजारी एक साडीतली बाई होती आणि दोघांच्या मध्ये, दोघांचे हात घट्ट धरून, हा स्वतः.

"ही कोण रे?"

"मामी. अजून यायचीय."

त्याची आई एका कापडाच्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळी त्याला न्यायला आली, तेव्हा तिने ते पुस्तक दारातच उभ्या उभ्या पाहिले. शेवटच्या पानाशी बराच वेळ थांबली. म्हणाली, "बाई, घरात भावाच्या लग्नाचं बोलणं चाललंय. महिनाभर हा नीट जेवत नाही, नखं खातो. जंत झाले असतील म्हणून औषधही दिलं मी. मामी आली की आपल्याला दुसरं घर बघावं लागेल, असं पणजी बोलून गेली होती. ते ह्यानं ऐकलं असणार." मग पुस्तक पर्शीत ठेवत म्हणाली, "हे मी त्याच्या मामाला दाखवते."

मैत्रिणींनो, मुलाला समोर बसवून 'तुला काय होतंय?' असे विचारले तर 'काही नाही' एवढेच उत्तर येते. चित्रातल्या माणसांबद्दल बोलताना मात्र त्याचे मन आपोआप मोकळे होते. म्हणून दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पान उलटायचे काम मुलाकडे द्या. एकाच पानावर तो दहा मिनिटे थांबला तर थांबू द्या. 'यातून काय शिकलास?' असे चुकूनही विचारू नका. आणि घरातल्या आजीला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. पुरंदरेबाईंचेच 'चित्रवाचन' नावाचे पुस्तक आहे. नावाप्रमाणे चित्रेच वाचायची, तेव्हा तिथे आजी आणि नातू एकाच इयत्तेत!

मुलांची पुस्तके आम्ही शाळेच्या कपाटात राधाशेजारीच ठेवली. बावीस झाली होती, पण 'मामा' काही परत आले नाही आणि मीही मागितले नाही. हेडबाईंनी नोंदवही उघडली. तिथे 'राधाचं घर, संच, पुस्तके ६' अशी नोंद होती. त्यांनी जरा विचार केला आणि खाली पेन्सिलीने लिहिले, 'अधिक २१'.