देवदाराच्या नदीकाठची मशीद

अमेरिका म्हटले की न्यूयॉर्क, शिकागो ही नावे ओठांवर येतात. आम्ही मात्र आयोवा राज्यातले सीडर रॅपिड्स गाठले, ते तिथल्या एका लहानशा मशिदीसाठी.

मक्याच्या मुलुखातले हे सव्वा लाखाहून थोड्या अधिक वस्तीचे शहर. सीडर म्हणजे देवदाराच्या जातीचे झाड, रॅपिड्स म्हणजे नदीचा खळाळ. नदीच्या मधोमध बेट आणि बेटावर न्यायालय. काठावर ओट्सची अवाढव्य गिरणी. तिकडून वारा आला की भाजक्या धान्याचा वास गावभर पसरतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या सीरिया-लेबनॉनमधून मुसलमान रोजीसाठी इथे आले. पाठीवर गाठोडे घेऊन शेतकऱ्यांच्या दारोदार माल विकला, मग किराण्याची दुकाने टाकली. १९३४ साली, अमेरिका मंदीने बेजार असताना, त्यांनी पैसा जमवून मशीद बांधली. घरांच्या वस्तीतली पांढरी इमारत. वरचा हिरवा घुमट नसता तर तीही एक घरच वाटली असती. मशीद म्हणून बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या मशिदींत ही सर्वांत जुनी मानली जाते, म्हणून तिला ‘मदर मॉस्क’ म्हणतात.

वस्ती वाढली, जागा अपुरी पडू लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नवी मोठी मशीद झाली आणि जुनी विकली गेली. मधल्या काळात तिथे चर्चही होते. पुढे वास्तू मोडकळीला आली, तेव्हा १९९०च्या सुमारास मुसलमानांनीच ती परत विकत घेऊन दुरुस्त केली. १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिची नोंद झाली.

जून २००८ मध्ये नदी कोपली. पूर्वीचा सर्वांत मोठा पूर २० फुटांचा, या वेळी पाणी ३१ फुटांवर गेले. पाच हजारांहून अधिक घरांना फटका बसला, बेटावरचे न्यायालय पाण्यात गेले. मशिदीचे तळघर भरले आणि तिथे जपलेली पुस्तके, जुने कागद भिजून नष्ट झाले.

इमारत पुन्हा उभी राहिली, पण कागद परत आले नाहीत. विकलेली मशीद पैसे देऊन सोडवता येते. गेलेली नोंद कशी सोडवणार? आपल्या मोहल्ल्यातली मशीद कोणी बांधली, जमीन कोणी दिली, वर्गणी कोणी गोळा केली, हे सांगणारे बुजुर्ग अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यावे आणि लिहून ठेवावे. एक प्रत दुसऱ्या घरी, उंच फळीवर ठेवावी.