परवडणारी चव

यवतमाळ, वणी, पुसदहून माणूस नागपूरला जातो तो बहुधा दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, परीक्षेसाठी. परवडणारं आणि चवीचं जेवण त्याला कुठे मिळेल, याचं उत्तर मला श्रमांच्या इतिहासात दिसतं. सावजी रस्सा हलबा कोष्टी विणकरांच्या वस्त्यांतून शहरभर गेला. मुंबईत माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगमध्ये १९४२पासून पानं मांडली जातात. तिथल्याच गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी गिरणी कामगारांना जेवू घातलं. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांचंच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. समाज जिथे राबतो, तिथे त्याची चव स्वस्तात टिकते, कारण तिथलं गिऱ्हाईक रोजचं असतं.

अशा ठिकाणी स्वच्छतेचं काय, ही शंका रास्त आहे. पण रोज येणाऱ्याला शिळं वाढून खानावळ चालत नाही. गर्दीच्या वेळी गेलं की अन्न ताजं मिळण्याची शक्यता वाढते. दुसरा आक्षेप जड आहे: गिरण्या गेल्या, वस्त्या पांगल्या, पाटी तेवढी उरली. हे मला मान्य आहे, आणि त्याचं वाईटही वाटतं. मात्र श्रम संपत नाहीत, जागा बदलतात. मग आपल्या जिल्ह्यातून पुण्याला कामाला गेलेल्या पोरांसाठी आज भाकर कोण थापत असेल?