पाठ नसलेला गाडा

रविवारी सकाळी धाकट्या बहिणीकडं गेलो, तर भाचा अंगणात उकिडवा बसून डाव्या हातातल्या खडूनं फरशीवर रेघा मारत होता. लांबी सात फूट, रुंदी पाच फुटांना थोडी कमी. एका कडेला दोन गोल, म्हणजे शेगडीचे बर्नर. कोपऱ्यातला चौकोन पाण्याच्या टाकीचा. फाटकाबाहेर खाण्याची गाडी करायला त्यानं जुना घेतलेला छोटा हत्ती टेम्पो उभा होता, मागचा हौदा रिकामा.

"मामा, चप्पल काढू नका, तसंच आत या. आणि गिऱ्हाईक आलंय असं समजून मिसळ द्या बघू."

मी चौकोनात उभा राहिलो, हवेत डाव बुडवला, आणि मला एकदम आमच्या बोळातला सुतार आठवला.

१९७६ साली वडिलांनी भेळेचा गाडा करायला टाकला. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. कोल्हापुरात गाडी म्हणत नाहीत, गाडाच म्हणतात, मग त्यावर भेळ असो नाहीतर आम्लेट. सुतारानं कागदावर काही काढलं नाही. दोन स्टुलांवर फळी टाकली, आण्णांच्या हातात रिकामं पातेलं आणि डाव दिला आणि म्हणाला, "कालवा." आण्णा लाजले. बोळातली निम्मी पोरं जमली होती. पण ते कालवायला लागले, चुरमुरे घेतल्यासारखं करून, कांदा टाकल्यासारखं करून. सुतार कानामागची पेन्सिल काढून त्यांचं कोपर जिथवर जाईल तिथं खुणा करत गेला. फळी दोनदा खाली घेतली. आण्णा बुटके होते. त्या गाड्याची उंची कुठल्या पुस्तकात नव्हती, ती आण्णांच्या बेंबीपासून चार बोटं वर होती.

चौकट बाभळीची, वर साध्या लाकडाच्या फळ्या, त्यांच्यावर जस्ताचा पत्रा, खाली सायकलची चार चाकं. डाव्या हाताला काचेच्या पेटीत चुरमुऱ्यांचा ढीग, त्याच्यापुढं फरसाण आणि शेव. समोर चिरलेला कांदा, कैरी, कोथिंबीर. उजव्या हाताला चिंचेचं पाणी आणि तिखट चटणी. तळलेल्या मिरच्यांची परात सगळ्यांत पुढं, गिऱ्हाइकाच्या नाकाखाली. "ती मिरची माझ्यापेक्षा जास्त विकते," असं आण्णा म्हणायचे आणि ते खरं होतं.

चिंचेच्या पाण्यानं मात्र पहिल्याच महिन्यात हिसका दाखवला. पाणी आधी पितळी डब्यात ठेवलं होतं. कल्हई उडाली तसं ते कळकायला लागलं. मग चिनी मातीची बरणी आली. सांडलेल्या थेंबांनी पत्र्यावर पांढरे डाग पडले आणि पावसाळ्यापर्यंत बरणीखालच्या पत्र्याला भोक पडलं. आण्णांनी तिथं काचेचा एक तुकडा बसवला. तो तुकडा गाडा विकेपर्यंत होता.

परवा भाच्याबरोबर उद्यमनगरात फॅब्रिकेटरकडं गेलो तेव्हा ती बरणी पुन्हा डोक्यात आली. फॅब्रिकेटर स्टेनलेस स्टीलच्या दोन पत्र्यांचे भाव सांगत होता. २०२ स्वस्त, ३०४ महाग. भाच्यानं खिशातून चुंबक काढून लावून बघितलं, चिकटलं नाही, तर तो खूश. चुंबकावरून या दोघांतला फरक कळत नाही, दोन्हींना ते सहसा चिकटत नाही. फरक आहे तो आतल्या निकेलचा. ३०४ मध्ये ते जास्त, म्हणून मिठाला आणि आंबटाला ते जास्त टिकतं. मी म्हटलं, सगळीकडं २०२ घाल, पण जिथं चिंच, लिंबू आणि मीठ सांडणार तेवढा ओटा ३०४ चा कर. फॅब्रिकेटरनं माझ्याकडं वळून बघितलं. याला हे कुठून माहीत, असा त्याचा चेहरा. मला ते एका काचेच्या तुकड्यावरून माहीत होतं.

आण्णांची दुसरी चूक दिव्याची. त्या वेळी पेट्रोमॅक्सची बत्ती होती. सुतारानं हौसेनं गाड्याच्या मधोमध तिला आकडा लावून दिला. शोभा काय दिसायची! मृगाच्या आधी दोन दिवस वळवाचा पाऊस झाला आणि त्या संध्याकाळी पंखांची सगळी पाखरं बत्तीवर येऊन पटापट शेवेत पडली. त्या दिवशीचं सगळं फरसाण टाकून द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी आण्णांनी गाड्याला एक लांब बांबू बांधला आणि बत्ती हातभर बाहेर टांगली. उजेड गाड्यावर आला, पाखरं रस्त्यावर पडली.

भाच्याच्या संगणकावरच्या चित्रात खिडकीच्या बरोबर वर पांढऱ्याशुभ्र एलईडीची पट्टी होती. चित्र देखणं होतं, आतली भांडीसुद्धा चकाकत होती. मी पाखरांची गोष्ट सांगितली. तो हसला नाही, हे त्याचं मला आवडलं. पट्टी छपराच्या पुढच्या कडेला न्यायची आणि दिवे पिवळे घ्यायचे ठरलं. पिवळ्यावर पाखरं कमी येतात.

सगळं आण्णांच्याच वेळचं बरं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आण्णांच्या गाड्यावर पाण्याची एकच बादली असायची. तिच्यातच चमचे विसळायचे, तिच्यातच हात. संध्याकाळी सातनंतर त्या बादलीत कोण डोकावत नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. भाच्याच्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी, हात धुवायला बेसिन, आग विझवायचं नळकांडं, आणि बाहेर चौदा आकडी अन्न परवान्याचा नंबर. पाऊस आला की आण्णा ताडपत्री ओढून दीड तास कोरडे चुरमुरे पोटाशी धरून उभे राहायचे. त्यांचे गुडघे ज्यानं खाल्ले ते हेच उभं राहणं आणि रात्री चढाच्या बोळातून गाडा ढकलणं. मी आणि बहीण मागून जोर लावायचो. तिला अजून विचारलं तर सांगेल, दांड्याला कुठं फास होती ते.

पण खडूच्या चौकोनात उभं राहिल्यावर जे अडलं ते वेगळंच होतं. रुंदी अठ्ठावन्न इंच. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि अस्तर मिळून चार इंच गेले. खिडकीकडचा ओटा अठरा, शेगडीकडचा वीस. राहिले सोळा. सोळा इंचांत मी एकटा वळलो तरी कोपर लागतं. बहीण भाच्याबरोबर उभी राहणार आहे, आणि ती काही काडीपैलवान नाही. दोघांना एकमेकांना ओलांडून जाताच येणार नव्हतं.

"मग ओलांडायचंच नाही," बहीण पायरीवर मटार सोलता सोलता म्हणाली. "मी शेगडीला, हा खिडकीला. मला काय लागेल ते माझ्या हाताशी पाहिजे, ह्याचं ह्याच्या हाताशी."

हे तिनं कुठं शिकलं ते सांगायला नको.

भाच्याच्या पदार्थांच्या यादीत मिसळ, भेळ, कटवडा, तीन तऱ्हेचे फ्राइज, पास्ता आणि कोल्ड कॉफी होती. यादी लांबली की आधी जागा जाते. पास्त्याला तिसरा बर्नर, कॉफीला फ्रिज, फ्रिजला जनरेटर, जनरेटरला आवाज. पास्ता खोडला. कॉफी खोडताना त्याचा चेहरा पडला, म्हणून ती कंसात ठेवली. मिसळीच्या कटाचं पातेलं वीस लिटरचं. गाडी वळली की हिंदकळणार, म्हणून शेगडीभोवती सळीचा कठडा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ती टाकी एका कडेला ठेवली की गाडी त्या बाजूला कलणार, म्हणून मागच्या आसाच्या वर, मधोमध. असल्या गाडीला पेलवणारा भार पाऊण टनाच्या आसपास, त्यातला मोठा वाटा नुसती बॉडीच खाते. एकोणीस किलोचा निळा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, आणि कप्प्याला जाळी खाली, तळाशी. हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर खाली बसतो. वर जाळी ठेवून उपयोग नाही. शिवाय बॉडी बदलली की आरटीओची मान्यता लागते, ते काम त्यानं आधीच एका एजंटाकडं दिलंय.

गाडी रंगवायचा खर्च ऐकून मात्र मी गप्प बसलो. एका पोरानं लोगो केलाय, त्याचं विनाइल छापून सगळ्या गाडीला गुंडाळणार. मिशीवाला एक पैलवान, हातात पाव. आमच्या गाड्याला पेंटरनं विचारलं होतं, "नाव काय घालू?" आण्णा म्हणाले, "नाव कशाला, भेळ आहे." त्यानं लाल अक्षरांत 'भेळ' काढलं आणि त्याला पिवळी सावली दिली. सावलीचे पैसे घेतले नाहीत.

भाचा २०१४ चा 'शेफ' हा अमेरिकन सिनेमा बघून या नादाला लागला. त्यानंच मला एक जुनी माहिती दाखवली. १८६६ साली टेक्सासमध्ये चार्ल्स गुडनाइट या गुरंवाल्यानं सैन्यातल्या एका घोडागाडीला मागं कप्प्यांची पेटी जोडली. पेटीचं झाकण खाली पाडलं की त्याचंच टेबल, आणि कप्प्यांत पीठ, मीठ, कॉफी, औषधं. मी ते चित्र बराच वेळ बघत होतो. आमच्या सुताराला गुडनाइट माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण आण्णांच्या पोटाशी असलेलं फळकुटही तसंच बिजागरीवर खाली पडायचं. त्यावर कांदा चिरायचा, आणि काम झालं की ते वर लावून टाकायचं.

आणि गल्ला. आण्णा भेळ कालवताना पैसे हातात घेत नसत. गाड्याच्या पुढच्या कडेला एक उघडा डबा होता. गिऱ्हाइकानं पैसे टाकायचे, सुटे आपणच उचलायचे. फसवलं का कुणी? फसवलं असणार. भाच्याच्या खिडकीशी क्यूआरचा कागद लागणार, पैसे आले की डबडं ओरडून सांगणार. सुटे उचलायचा प्रश्न मिटला.

मला खरी टोचणी लागली ती खिडकीपाशी. छोट्या हत्तीच्या हौद्याचा तळ जमिनीपासून बराच वर. त्यावर ओटा घातला की तो बाहेर उभ्या माणसाच्या तोंडाशी येतो. भाचा आत उभा राहिला तर त्याचे गुडघे गिऱ्हाइकाच्या पोटाच्या उंचीला. गिऱ्हाइकानं मान वर करून मागायचं आणि यानं वाकून द्यायचं. उपाय आहे, बाहेरून खिडकीखाली एक पाडता-उचलता येणारी फळी लावायची, साडेतीन फुटांवर, बशी तिथं ठेवायची. ती लावली. चित्रात बरी दिसते.

पण आण्णांच्या गाड्याला पाठ नव्हती. चारी बाजूंनी माणसं. रंकाळा तलावाकाठी संध्याकाळी वारा सुटला की लोक गाड्याभोवती फिरत वाऱ्याच्या आड यायचे, आणि कुणीतरी आण्णांच्या मागंच येऊन उभं राहायचं. तालमीतला एक पैलवान तर नेहमी मागूनच भेळ घ्यायचा, आण्णांच्या खांद्यावरून हात पुढं करून. तेल कुठलं, कांदा कधी चिरला, सगळं त्याला दिसायचं. त्यानं एकदा चटणीत मीठ कमी असल्याचं न खाताच सांगितलं होतं. भाच्याच्या गाडीला तीन भिंती. एक खिडकी. पैलवान भिंतीवर, विनाइलचा.

हे मी त्याला बोललो. तो थोडा वेळ खडू फिरवत बसला, मग म्हणाला, "मागचं दार काचेचं करू? आत बघता येईल." करता येईल. महाग पडेल, आणि काच तापेल. तरी त्यानं ते कागदावर लिहून ठेवलं.

आण्णांचा गाडा १९९१ मध्ये विकला. घेणाऱ्यानं तो लाल रंगवला, चुरमुऱ्यांच्या पेटीत नूडल्स भरल्या आणि वर ड्रॅगन काढून घेतला. एकदा मी तिथं थांबलो होतो. चिंचेच्या बरणीच्या जागी सॉसच्या बाटल्या होत्या आणि काचेचा तुकडा गायब.

तर रविवारी जेवणं झाल्यावर मी पुन्हा खडूच्या चौकोनात उभा राहिलो आणि हुकूम सोडायला लागलो. चुरमुरे डावीकडं. शेव त्याच्यापुढं. चटण्या उजव्या हाताला, डाव इथं टांगायचा, कांदा बरोबर समोर. खिडकीची बाजू बदलायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडं वाहनं रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतात, फुटपाथ तिकडं, म्हणून खिडकीही तिकडंच. भाचा मुकाट्यानं मी सांगेन तिथं गोल काढत होता. बहीण बघत होती.

"आता तू ये," मी म्हटलं. "कालव."

त्यानं पातेलं घेतलं. उजव्या हातानं ते धरलं आणि डाव्या हातानं डाव चटणीच्या गोलात घालायला गेला, तर हात पोटावरून आडवा गेला. दुसऱ्या चटणीला गेला, पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा कोपर पातेल्यावर आपटलं.

बहीण मटाराची सालं झटकत उठली. "आण्णा उजवे होते, दादा," म्हणाली, आणि नळाखाली बादली लावली. तिनं अर्धी बादली फरशीवर ओतली. खडूचं पांढरं पाणी तुळशीकडं वाहत गेलं. भाचा फरशी वाळायची वाट बघत खडूला टोक काढत बसला.